राखणदाराच्या हाती काय द्यावं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या आदिवासी वनराखणदारांवर लेख होता. इक्वेडोरमधल्या कोफान लोकांची गस्त, ब्राझीलच्या आरारिबोइयातले ग्वाजाजारा राखणदार आणि पेरूच्या गावांतला मोबाइलचा प्रयोग, असा त्याचा विषय. त्यावर पुण्यातून आलेली बरीच पत्रं ‘आम्ही काय पाठवू?’ असं विचारणारी आहेत. काही पत्रं मात्र थेट आपल्या सह्याद्रीतली, राखण करणाऱ्यांचीच आहेत. दोन्ही एकत्र घेतली आहेत, कारण अडचणी बऱ्याचशा सारख्याच निघाल्या.

आमच्या सोसायटीने गणेशोत्सवाच्या वर्गणीतून ८० हजार रुपये वाचवले आहेत. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावातली पोरं रानात गस्त घालतात. त्यांना ड्रोन घेऊन द्यायचा आहे. कोणता घ्यावा? (कोथरूड)

कोणताच घेऊ नका. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन उडवला तर अडकतील ती पोरंच, तुमची सोसायटी नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी आणि हद्दीची बंधनं आहेत ती वेगळीच. परवानगी मिळाली असं धरलं, तरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस आणि धुकं. उरलेल्या महिन्यांत सदाहरित रानाचं छत इतकं दाट, की खाली कोण काय तोडतंय ते वरून दिसत नाही. पंखा मोडला की तो पुण्याला दुरुस्तीला येतो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो.

गस्त बंद पडते ती यंत्र नाही म्हणून नव्हे, रोज बुडतो म्हणून. ज्या दिवशी माणूस रानात फिरतो, त्या दिवशी त्याची मजुरी जाते. तेव्हा हिशोब असा मांडा. चार जण, महिन्याला आठ फेऱ्या, माणशी रोज ५०० रुपये, म्हणजे महिन्याला १६,००० रुपये. फेब्रुवारी ते मे हे चार महिने वणव्याचे आणि रानात वर्दळ असण्याचे. त्या चार महिन्यांचे ६४,००० झाले. उरलेल्या १६,००० मध्ये बुटांचे चार जोड, डोक्याला बांधायच्या दोन बॅटऱ्या, १०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँक, प्रथमोपचाराची पेटी आणि पक्क्या बांधणीच्या वह्या बसतात. बुटांचे नंबर आधी विचारून घ्या. ‘सगळ्यांना ८ नंबर चालेल’ म्हणून आणलेले बूट वर्षभर माळ्यावर पडून राहतात. कोणाला रेनकोटपेक्षा इरलं बरं वाटत असेल तर वाद घालू नका, वाकून काम करताना ते खरंच सोयीचं पडतं.

पैसे कोणाच्या हातात द्यायचे, यात सगळ्यात जास्त चुकतं. जो मुलगा पुण्यात येतो, चांगलं बोलतो, त्याच्या यूपीआयवर रक्कम जाते. सहा महिन्यांत गावात कुजबुज सुरू होते आणि गस्त तर बंद पडतेच, त्या मुलाची गावातली पतही जाते. आधी ग्रामसभेचा ठराव मागा. त्यात कोण फिरणार, किती फेऱ्या, रोज किती आणि खातं कोणतं हे लिहिलेलं असावं. पैसे ग्रामसभेच्या किंवा तिने नेमलेल्या समितीच्या, दोन सह्यांच्या खात्यात जावेत. मागच्या महिन्याची फेऱ्यांची वही पाहिल्यावर पुढचा हप्ता द्या. संशयामुळे नव्हे, वही नीट राहावी म्हणून. आणि देणाऱ्याचं नाव छापलेला टी-शर्ट देऊ नका. रानात पांढरा टी-शर्ट अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो.

आमची वाडी अभयारण्यात येते. ‘अभयारण्यात सामूहिक वनहक्क मिळत नाही, राखण आमचं काम आहे,’ असं सांगून आम्हाला परत पाठवलं. हे खरं का? कागद कोणते लागतात? (घोडेगाव परिसर, ता. आंबेगाव)

खरं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीची व्याख्या कलम २(घ) मध्ये (इंग्रजीत ‘डी’) आहे आणि तिच्यात अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं स्पष्टपणे धरली आहेत. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनाथस्वामी व्याघ्र प्रकल्पात सोलिगा आदिवासींच्या ग्रामसभांना २०११ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पात जे झालं, त्याला अभयारण्य आड येत नाही. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. तो अभयारण्याबाहेरचा, पण कागद कसे रचायचे ते शिकण्यासारखा.

राखणीचा हक्क कलम ३(१)(झ) मध्ये आहे. इंग्रजी मसुद्यात ते उपकलम ‘आय’. परंपरेने राखलेल्या सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हा हक्क. कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि पाणलोट जपण्याचे अधिकार देतं.

आता काम. दावे तीन प्रकारचे. वैयक्तिक दाव्याला नमुना अ, गौणवनोपज (मध, हिरडा असं लाकडाखेरीजचं उत्पन्न), चराई, पाणी अशा सामूहिक हक्कांना ब, आणि सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाला क. पुष्कळ गावं ‘ब’ भरतात आणि थांबतात. हिरडा गोळा करायचा हक्क मिळतो, पण राखणीचा दावा झालेलाच नसतो. तुम्हाला ‘क’ भरायला हवा. ‘ब’ सोबत भरला तरी चालतो.

ग्रामसभा वनहक्क समिती निवडते. १० ते १५ सदस्य, त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया. दाव्यांच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. दावा तांत्रिक कारणाने मागे येतो तो बहुतेक इथेच. हजेरीच्या पानावर सह्या कमी, किंवा बायकांचे अंगठे नंतर ‘गोळा केलेले’ आणि ते एकाच शाईत उठून दिसणारे. सभा भात लावणीच्या किंवा यात्रेच्या आठवड्यात ठेवू नका, म्हणजे ही वेळ येत नाही. आंबेगाव आणि जुन्नरच्या अनुसूचित क्षेत्रात पेसा (तिथल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा) लागू असल्याने वाडीची स्वतंत्र ग्रामसभाही मान्य होऊ शकते. महसुली गावाच्या सभेत वाडीचे लोक कायम अल्पमतात राहत असतील, तर तो मार्ग आधी धरा.

पुरावे निदान दोन हवेत. जुनं गॅझेटिअर, वनविभागाची कार्य आयोजना (जंगलाच्या कामाचा आराखडा), निस्तार (घरगुती गरजेपुरतं रानातून घेणं) किंवा चराईच्या पावत्या, देवराई, स्मशान, पाणवठे अशा जागांची पाहणी आणि म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब, हे सगळं चालतं. उपग्रहाचा नकाशा लागतोच असं कोणी म्हटलं, तर २०१२ च्या सुधारित नियमांतला नियम १२अ दाखवा. असं तंत्रज्ञान पुराव्याला जोड म्हणून वापरता येतं, पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही.

हद्द चालून घ्या, पण शेजारच्या गावाला बरोबर घेऊन. हे टाळलं की जिल्हास्तरावर दोन गावांचे दावे एकमेकांवर चढतात आणि दोन्ही पडून राहतात. ओढा, कडा, मोठं झाड, देवाची शिळा अशा खुणांची नावं गावात बोलतात तशीच लिहा आणि त्यांच्यापुढे वनविभागाचा कक्ष क्रमांक टाका. नावं गावासाठी लागतात, क्रमांक कार्यालयासाठी. पडताळणीची नोटीस वनविभागाला लेखी द्या आणि पोच घ्या.

दावा ग्रामसभेतून उपविभागस्तरीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. नाकारला तर कारण लेखी मिळालं पाहिजे. मिळाल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील करता येतं. तोंडी नकार हा नकारच नाही. ‘परत पाठवलं’ असं तुम्ही लिहिता, म्हणजे तुमच्या हाती अजून काहीच कागद नाही. दावा आवक क्रमांकासह पुन्हा दाखल करा. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. तिथे एक प्रत द्या आणि तिचीही पोच घ्या.

हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने नियम ४(१)(ई) खाली संवर्धन व व्यवस्थापन समिती नेमायची आणि तिने आराखडा करायचा. गस्तीचे लोक या समितीखाली असले, तर त्यांच्या फिरण्याला कायद्याचं पाठबळ राहतं.

पेरूमध्ये उपग्रहाच्या इशाऱ्यांनी जंगलतोड खरोखर कमी झाली का, की ही जाहिरात आहे? (सिंहगड रस्ता)

झाली, आणि तशी मोजलीही आहे. लोरेतो भागातली ७६ आदिवासी गावं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटातल्या प्रत्येक गावाने तीन राखणदार निवडले. त्यांना प्रशिक्षण, मोबाइल आणि मानधन मिळालं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटाच्या तुलनेत पहिल्या वर्षी जंगलतोड ५२ टक्क्यांनी कमी होती आणि दुसऱ्या वर्षी २१ टक्क्यांनी. दुसरा आकडा सांगायला लोक विसरतात. परिणाम ओसरतो. शिवाय फरक जास्त पडला तो जिथे धोका आधीपासून मोठा होता तिथे.

त्यातली आम्हाला आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. गावांत इंटरनेट नव्हतं, म्हणून दर महिन्याला उपग्रहाचे इशारे पेनड्राइव्हवर घालून नदीतून होडीने पाठवत. इशारा आला की राखणदार त्या जागी जाऊन पाहणार आणि गावाच्या सभेत सांगणार. पुढे काय करायचं, गावातच मिटवायचं की सरकारकडे जायचं, ते सभा ठरवणार. उपग्रहाने फक्त ‘इथे काहीतरी झालं’ एवढं सांगितलं.

इक्वेडोरच्या सिनान्गोए गावातली कोफान गस्त हेच एक पाऊल पुढे घेऊन गेली. आग्वारिको नदीकाठी सोन्याच्या खाणीची यंत्रं दिसल्यावर त्यांनी तारखा, अक्षांश-रेखांश आणि छायाचित्रं जमवली आणि कोर्टात नेली. २०१८ मध्ये न्यायालयाने ५२ खाणपरवाने रद्द ठरवले. २०२२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने गावाची संमती घेण्याचा मुद्दा आणखी पक्का केला. सांगायचं एवढंच, की फेऱ्यांच्या वहीला शेवटी कुठे तरी पोचायचं असतं.

आम्ही हिंजवडीत काम करणारे सहा इंजिनिअर. गस्तीसाठी मराठी ॲप करायचं मनात आहे. कोणती फीचर्स हवीत? (वाकड)

नवं ॲप करू नका. कोमॅपिओ आहे (आधीचं मॅपिओ, इक्वेडोरच्या वाओरानी लोकांसोबत घडवलेलं). ते नेटशिवाय चालतं आणि दोन मोबाइल एकाच वाय-फायवर आणले की नोंदी एकमेकांत पोचतात. ओडीके कलेक्ट आहे, क्यूफील्ड आहे. शनिवार-रविवारच्या हौशीतून झालेलं ॲप अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्तीत उघडेनासं होतं, आणि तोवर तुमच्यापैकी दोघं बंगळुरूला गेलेले असतात.

काम भरपूर आहे, फक्त ते दिमाखाचं नाही. आहे त्या ॲपमध्ये मराठी फॉर्म बसवा. प्रश्न १२ पेक्षा जास्त नकोत. पहिली तीन उत्तरं चित्रावर बोट ठेवून देता यावीत: तोड, आग, शिकारीचा फास. फॉर्मची भाषा गावात बसून ठरवा. ‘अवैध वृक्षतोड’ कोणी म्हणत नाही. मग तीन दिवस ‘फ्लाइट मोड’वर रानात वापरून पाहा. तुमच्या मोबाइलवर नको, त्यांच्या तीन वर्षं जुन्या मोबाइलवर.

ठिकाणाची नोंद हमखास चुकते, म्हणून ती जरा सविस्तर. अक्षांश-रेखांश दशांशात घ्यायचे, हे सगळ्या मोबाइलवर आधीच ठरवून टाका. १९.०७२० हा दशांशातला आकडा कोणी १९ अंश ७ मिनिटं २० सेकंद असा वाचला, तर जागा साडेपाच किलोमीटर सरकते. असं झालेल्या नोंदीवर कोणताही अधिकारी हसेल. दशांशचिन्हापुढे पाच आकडे पुरेत. चौथ्या आकड्याची एक पायरी सुमारे ११ मीटरची, पाचव्याची सुमारे १ मीटरची. पाचाच्या पुढचे आकडे नुसती सजावट, कारण दाट छताखाली मोबाइलची चूकच सहज १० ते २० मीटर असते. जागेवर पोचल्यावर लगेच बटण दाबू नका. दोन मिनिटं उघड्या फटीखाली उभं राहा, अचूकतेचा आकडा स्थिर झाला की मग नोंद घ्या. कड्याच्या पायथ्याशी सिग्नल कड्यावर आपटून येतो. तिथली नोंद कड्यापासून थोडं दूर जाऊन पुन्हा घ्या.

फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली ठिकाणाची माहिती गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका.

शेवटचं, पण इंजिनिअरांनी आधी वाचावं असं. मधाची पोळी, औषधी मुळ्या, देवराईतल्या जागा यांच्या नोंदी क्लाउडवर चढवू नका. माहिती गावाची आहे. ती कोणाला दाखवायची याचा ठराव ग्रामसभेने करावा आणि पासवर्ड गावात राहावा. तुमच्याकडे प्रत ठेवायची गरज वाटत असेल, तर ती गरज कोणाची हे आधी स्वतःलाच विचारा. आणि वर्षातून दोनदा ताजा नकाशा मोठ्या कागदावर छापून लॅमिनेट करून द्या. सभेत मोबाइल फिरत नाही. नकाशाभोवती मात्र म्हातारी माणसंही जमतात आणि चुका तेच काढतात.

रात्री लाकूडतोडे सापडले तर आम्ही त्यांना धरून ठेवू शकतो का? (ता. जुन्नर)

धरू नका. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार (कलम ६४) वन अधिकारी आणि पोलिसांना आहे. लाकूड-हत्यारं जप्त करण्याचा अधिकारही (कलम ५२) त्यांनाच. आता लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा होत असेल तर कोणीही माणूस पकडू शकतो आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचं असतं. वाचायला सोपं वाटतं. पण गुन्हा त्या वर्गातला आहे का हे अंधारात कोण ठरवणार? झटापटीत कोणाला लागलं की उलटी तक्रार तुमच्यावर होते, आणि लाकडाची गाडी बाजूलाच राहते.

लांब राहून गाडीचा नंबर, माणसं किती, वेळ आणि दिशा टिपा. उजेड पाडू नका. बीटच्या वनरक्षकाला फोन लावा. तो उचलला गेला नाही तर वनपालाला, नंतर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला, आणि वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहेच. प्रत्येक फोनची वेळ वहीत लिहा. कोणी उचलला नाही हीसुद्धा नोंदच.

सकाळी बुंध्यांकडे या. प्रत्येक बुंध्याचा घेर टेपने मोजा. १०-१० सेंटिमीटरवर रंगाच्या खुणा केलेली काठी शेजारी ठेवून फोटो काढा, एक जवळून आणि एक आजूबाजूच्या खुणा दिसतील असा. ओंडके ओढून नेल्याची वाट चालत जा, पण काहीही उचलू नका. तुम्ही उचललेल्या ओंडक्याने पंचनामा बिघडतो. वही बांधीव असावी, पानांना आकडे घातलेले. खाडाखोड एका रेघेने करून बाजूला सही. कोरी ओळ सोडायची नाही. मोबाइलमधले फोटो कोर्टात द्यायचे असतील, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. ते दोन भागांत असतं, एक मोबाइल वापरणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहावं लागतं. ते काम वकील करून घेईल, फक्त मोबाइल फॉरमॅट झालेला नसावा.

आणि गस्तीतल्या पोरांचे चेहरे, त्यांच्या वाटा, फेरीचे वार समाजमाध्यमांवर टाकू नका. शहरातल्या हितचिंतकांनी तर नाहीच. आरारिबोइयातल्या पाउलो पाउलिनो ग्वाजाजारा या राखणदाराला १ नोव्हेंबर २०१९ रोजी लाकूडतोड्यांनी गोळ्या घालून मारलं. जोर दोघांनी एकत्र फिरण्यात, वाटा बदलण्यात आणि गावातल्या एकाला परतीची वेळ सांगून निघण्यात आहे.

न्यू जर्सीतला भाचा दिवाळीला येताना राखणदारांसाठी पैसे आणि सॅटेलाइट मेसेंजर आणणार आहे. काही अडचण? (औंध)

दोन्हींत आहे. सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर भारतात पूर्वपरवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. विमानतळावरच अडवतात. त्याला तो घरीच ठेवायला सांगा. जवळच्या बोलण्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यातले, मान्यताप्राप्त वॉकीटॉकी इथेच मिळतात. कड्याच्या पलीकडे ते पोचत नाहीत, हे मात्र आधी सांगून द्या.

पैशांचं उत्तर भाच्याच्या पासपोर्टवर आहे. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन पासपोर्ट घेतला असेल, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, तो परकीय स्रोत ठरतो आणि एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या ग्रामसभेला किंवा मंडळाला ती रक्कम घेता येत नाही. नोंदणी असलेली संस्था घेऊ शकते, पण २०२० च्या दुरुस्तीनंतर तिला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, स्वतःच खर्च करावी लागते. ‘मामाच्या खात्यात टाकतो, मामा देईल’ ही पळवाट काढू नका. त्यात गाव अडकतं.

उलट दिशेने, म्हणजे तुम्हाला ॲमेझॉनमधल्या एखाद्या संस्थेला द्यायचं असेल, तर उदारीकृत प्रेषण योजनेखाली बँकेतून देणगी पाठवता येते. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर ही मर्यादा आहे, तेव्हा त्याची काळजी नको. इथल्या करात त्यावर सूट मात्र मिळत नाही.

सुट्टीत वणवा विझवायला यायची तयारी आहे. कुठे नाव द्यायचं? (धायरी)

विझवायला येऊ नका, जानेवारीत या. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. त्याआधी जाळरेषा काढायच्या असतात: तीन ते सहा मीटर रुंदीचा पट्टा, गवत विळ्याने कापून, पाचोळा झाडून माती उघडी करायची. कंबर मोडणारं काम आहे आणि माणसं कमी पडतात. रेषा कुठे घ्यायची ते गाव आणि वनरक्षक मिळून ठरवतात. रेषेतला पाला जाळायचा तर तोही त्यांच्या देखरेखीखाली, सकाळी वारा पडलेला असताना.

पेटलेल्या डोंगरावर नवख्या माणसाचा घात चढामुळे होतो. वर जाणारी धग पुढचं गवत आधीच वाळवते, म्हणून आग चढावर धावते. आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहू नये. पॉलिस्टरचे ट्रेकिंगचे कपडे अंगाला चिकटून वितळतात. सुतीच घालावेत.

घरबसल्या करण्यासारखं एक आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वणव्याच्या इशाऱ्यांसाठी कोणालाही मोबाइल नोंदवता येतो. गस्तीतल्या दोघांचे नंबर नोंदवून द्या. इशाऱ्याचा ठिपका म्हणजे नेमकी जागा नव्हे. एका उपकरणाचा चौकोन ३७५ मीटरचा, दुसऱ्याचा १ किलोमीटरचा. आणि उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये पेटून विझलेली आग दिसतच नाही.

लक्ष्मी रोडवर सोनं घेताना ते ॲमेझॉनच्या बेकायदा खाणीतलं नाही हे कसं ओळखायचं? (सदाशिव पेठ)

ओळखता येत नाही. हॉलमार्क आणि त्यातला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) यांवरून शुद्धता कळते, उगम नाही. पेरू-बोलिव्हियातून भारतात सोनं येतं, आणि एकदा वितळलं की कुठलं ते सांगायला काही उरत नाही. नदीतल्या वाळूतून सोनं पाऱ्याने धरतात. तो पारा पाण्यात, माशांत आणि मासे खाणाऱ्यांत उतरतो. घरातली मोड देऊन नवीन घडवणं हा एकच मार्ग बऱ्यापैकी स्वच्छ आहे. घडणावळ जाते, पण ती तशीही जातेच.

पावसाळ्यात सोलरवर मोबाइल चार्ज होतील का? कॅमेरा ट्रॅपला कोणते सेल घालावेत? (ता. मुळशी)

५,००० एमएएचचा मोबाइल पूर्ण भरायला, गळती धरून, सुमारे २५ वॉट-तास लागतात. ५० वॉटचं पॅनल उन्हाळ्यात दिवसाला १५० च्या आसपास देतं. घाटमाथ्यावर आषाढात त्याचा पाचवा हिस्सा मिळाला तरी भाग्य, म्हणजे जेमतेम एक मोबाइल. वाडीत वीज असेल तर पॅनलचा नाद सोडून दोन मोठ्या पॉवर बँक ठेवा आणि वीज असेल तेव्हा त्या भरून घ्या.

कॅमेरा ट्रॅपला (समोरून कोणी गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला) निकेल-मेटल हायड्राइडचे, पुन्हा भरता येणारे सेल घाला. अल्कलाइन सेल दमटपणात गळतात आणि पट्ट्या खातात. जुने-नवे मिसळू नका, एक मेलेला सेल आठांना ओढतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिमेला उगवता-मावळता सूर्य फुकटचे फोटो काढायला लावतो. समोरचं गवत कापा. सेल बदलल्यावर तारीख पाहा. ती पुसली गेली असेल तर आतले सगळे फोटो पुराव्याला निकामी. अभयारण्यात कॅमेरा लावायला परवानगी लागते. आणि बायका सरपणाला, पाण्याला जातात त्या वाटेवर तो लावायचाच नाही.

गस्तीत साप चावला तर? (ता. खेड)

दोरीने आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. चावलेला अवयव मोडलेल्या हाडासारखा फळीला सैल बांधा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. १०८ च्या रुग्णवाहिकेला फोन करा, पण तिच्या भरवशावर बसू नका. गावातली कोणती गाडी रात्री निघेल आणि तिचा चालक कोण, हे हंगाम सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आहे. चापडा या रानातल्या विषारी सापाच्या विषावर ती नाही, तरीही दवाखान्यात जायचंच. सूज आणि रक्तस्रावावर तिथे उपचार होतात. साप मारून किंवा पकडून नेऊ नका. लांबून मोबाइलने फोटो निघाला तर ठीक, नाही तर लक्षणांवरून डॉक्टर ठरवतात. लस कोणत्या सरकारी दवाखान्यात हमखास असते, हे फेब्रुवारीत एकदा आणि जूनमध्ये पुन्हा एकदा विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.